पळसाला पानं दोन

कुठंही जा, पळसाला पानं तीनच, असं आपण म्हणतो. गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंतच्या जंगलात हिंडलेल्या माणसाला ते पटवून द्यावं लागत नाही. हृदयातून निघणाऱ्या मुख्य नळीच्या, म्हणजे महाधमनीच्या तोंडाशी जी झडप असते, तिचीही तीच गत. तीन पाकळ्या, तिन्ही सारख्या, मिटल्या की मधोमध घट्ट बसणाऱ्या. पण शंभरात एखाद-दोन माणसं अशी जन्मतात की त्यांच्या या झडपेला पाकळ्या दोनच असतात. बहुतेक वेळा शेजारच्या दोन पाकळ्या आईच्या पोटातच एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मध्ये शिवणीसारखी एक रेघ राहते. इंग्रजी रिपोर्टात त्याला ‘बायकस्पिड एओर्टिक व्हॉल्व्ह’ लिहितात. बायकांपेक्षा पुरुषांत हे दुप्पट-तिप्पट आढळतं. दोन हजार वस्तीच्या गावात अशी वीसेक माणसं सहज असतील, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

पत्ता लागतो तो असाच, दुसऱ्याच कामात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी भूल देणारे डॉक्टर छातीला आला, म्हणजे स्टेथोस्कोप, लावतात आणि टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आणा म्हणतात. पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कुणाला थांबवतात. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, त्यातल्या डॉक्टरला एखाद्या पोराच्या छातीत वेगळा आवाज ऐकू येतो. मात्र दोन पाकळ्यांची झडप तरुणपणी चांगलं काम करत असली तर सरसरता आवाज येतच नाही, ठोक्याच्या सुरुवातीला बारीकशी ‘टिक’ तेवढी येते. पोरांच्या गलक्यात ती निसटते. त्यात कुणाचा दोष नाही.

खरी अडचण पुढची. झडपेचं नाव कळलं की घरातले लोक झडपेचीच चिंता करतात. झडप आकसली का, गळते का, बदलावी लागेल का. ही चिंता योग्यच आहे. झडपेच्या वरची नळी मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. ती हळूहळू फुगते, दुखत नाही, दम लागत नाही, थकवाही नाही. फुगलेली नळी स्वतःहून काही सांगत नाही, म्हणून तिला विचारत राहावं लागतं. हे विचारणं म्हणजे ठरलेल्या वेळी मोजणं आणि मागच्या मापाशी ताडून पाहणं. हा सगळा लेख त्या ताडून पाहण्यासाठी आहे.

नळी का फुगते, हे शेतकऱ्याला लवकर समजतं. दंडातलं पाणी सरळ वाहत असलं तर दोन्ही काठ टिकतात. तोंडाशी अर्धवट दगड बसला आणि धार एकाच बाजूला आदळायला लागली की तो काठ आतून खचतो. तीन पाकळ्यांची झडप मधोमध गोल उघडते, दोन पाकळ्यांची माशाच्या तोंडासारखी फाकते. रक्ताची धार तिरपी निघून नळीच्या एकाच कडेवर, बहुधा उजव्या बाहेरच्या अंगाला, मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा घासते. पण दोष एकट्या धारेचा नाही. झडप आणि तिच्यावरची नळी गर्भात जवळजवळ एकाच सुमाराला घडतात, आणि अशा माणसांच्या नळीच्या भिंतीतले लवचिक तंतूही मुळात कच्चे असू शकतात. म्हणूनच झडप बदलली, धार सरळ झाली, तरी नळीवरची नजर काढता येत नाही. ‘व्हॉल्व्ह बदलला, आता सुटलो’ असं समजून इको बंद करणारी माणसं पाहिली की जीव कळवळतो. नळी तीच आहे, तिचं मोजमाप चालूच ठेवायचं.

दुसरी गोष्ट दाबाची. आतला दाब सारखा असला तरी नळी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवरचा ताण जास्त. म्हणजे फुगलेली नळी स्वतःचंच ओझं वाढवत जाते. रक्तदाब आणि रुंदी हे दोन आकडे म्हणून एकत्रच पाहायचे असतात. आणि भीतीलाही माप हवं. अशा माणसांत महाधमनी फाटण्याचा धोका इतरांच्या सुमारे आठपट आहे, पण मुळात ही घटना फार विरळ आहे. आठपट झाली तरी दोन पाकळ्यांच्या बहुसंख्य माणसांची नळी जन्मात कधी फाटत नाही. फाटते ती ज्यांच्याकडे कुणी पाहिलेलं नसतं त्यांची अधिक. घाबरवण्यासाठी हे लिहिलेलं नाही, पाहत राहावं म्हणून लिहिलं आहे.

आता मोजमापाकडे. नळी एकाच ठिकाणी मोजून भागत नाही. पहिली जागा झडपेचं कडं. त्याच्यावर नळी जिथं कांद्यासारखी फुगीर असते तो मूळभाग, रिपोर्टात ‘सायनस’. मग फुगीरपणा संपून नळी सरळ होते ती मान, ‘सायनोट्यूब्युलर जंक्शन’. आणि त्याच्याही वर छातीत चढत जाणारा भाग, ‘असेंडिंग एओर्टा’. दोन पाकळ्यांच्या माणसांत सर्वांत जास्त फुगतो तो हा चौथा भाग. आणि नेमका तोच पुष्कळ रिपोर्टांत नसतो! छापील फॉर्मवर ‘एओर्टा: ३२’ एवढा एकच आकडा असतो, आणि तो बहुतेक वेळा मुळाचा असतो. वरची नळी ४५ मिलिमीटर झालेली असली तरी त्या कागदावर ३२ च राहतो, आणि घरचे निश्चिंत होतात. म्हणून इकोच्या खोलीत जाताना नम्रपणे, पण स्पष्ट सांगावं, ‘डॉक्टरसाहेब, असेंडिंग एओर्टा मोजून रिपोर्टात लिहून द्याल का?’ हे वाक्य पाठ करून जा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

वरचा भाग दिसायला कठीण असतो, कारण समोर छातीचं हाड आणि फुप्फुस. माणसाला डाव्या कुशीवर नीट वळवून, डावा हात डोक्याखाली घेऊन, यंत्राचा प्रोब नेहमीच्या जागेपेक्षा एक बरगडी वर सरकवला की तो बहुतेकांत दिसतो. दोन मिनिटं जास्त लागतात. वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात काढलेल्या माणसाची फुप्फुसं फुगलेली असतात. त्यांच्यात मात्र कितीही सरकवा, चित्र धूसरच येतं. अशा वेळी अंदाजे आकडा लिहिण्यापेक्षा ‘असेंडिंग एओर्टा नीट दिसली नाही’ असं लिहून देणारा डॉक्टर प्रामाणिक समजावा आणि सीटी करावा.

सीटीही साधा नव्हे, ईसीजीशी जोडलेला हवा. हृदय प्रत्येक ठोक्याला नळीला हलवतं, हलती नळी साध्या सीटीत दुहेरी दिसते, कधी फाटल्यासारखीही दिसते. ठोक्याच्या ठरावीक क्षणी चित्र घेतलं की कडा स्वच्छ येतात. शिवाय नळी तिरपी चढते. आडव्या कापात मोजली तर ती उगाच रुंद दिसते, काकडी तिरपी चिरली की चकती लांबट येते तशी. नळीच्या अक्षाला काटकोनात कापूनच मोजलं पाहिजे. सीटीआधी क्रिएटिनिन तपासतात, कारण नळी उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेलं औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसवर असताना एसटीने तीन तासांचा प्रवास करून कोरड्या अंगाने त्या टेबलावर झोपू नये. आदल्या दिवसापासून पाणी प्यावं, उपाशी यायला सांगितलं असेल तर पाण्याचं काय, हे आधी विचारून घ्यावं.

एका यंत्रावर ४२ आणि दुसऱ्यावर ४४ आलं म्हणजे नळी वाढली असं नाही. इकोमध्ये मोजण्याची सर्वमान्य रीत पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मागच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत अशी आहे, सीटीत बहुधा आतून आतपर्यंत मोजतात. रीत बदलली, मोजणारा हात बदलला, की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच. त्यामुळे शक्यतो तेच केंद्र, तीच पद्धत, तीच जागा. वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने एक वर्षी सेवाग्रामला, दुसऱ्या वर्षी सावंगीला, तिसऱ्या वर्षी नागपुरात इको केला, तर हातात तीन आकडे येतात, वाढ कळत नाही. जागा बदलावीच लागली तर मागची चित्रं सोबत न्यावीत आणि नव्या डॉक्टरला जुन्या चित्रावर पुन्हा मोजायला सांगावं.

किती वर्षांनी पाहायचं? नळी ४० मिलिमीटरच्या आत आणि झडप धड असेल तर दर तीन ते पाच वर्षांनी इको पुरतो. ४० च्या पुढे गेली की पहिल्यांदा सहा महिने ते वर्षभरात पुन्हा मोजतात, वेग समजावा म्हणून. वेग मंद असला तर वर्ष-दोन वर्षांनी. ४५ च्या पुढे दरसाल, चुकवायचं नाही. बहुतेकांची वाढ वर्षाला एका मिलिमीटरच्या आत असते. लागोपाठ दोन वर्षं तीन-तीन मिलिमीटर किंवा एका वर्षात पाच मिलिमीटर खरोखर वाढली असेल तर मामला वेगळा, मग शस्त्रक्रियेचं बोलणं लवकर सुरू होतं. ५५ मिलिमीटरला नळी बदलावी याविषयी दुमत नाही. घरात कुणाची महाधमनी फाटली असेल, नळीत जन्मजात आकुंचन असेल, वेग जास्त असेल किंवा मुळाचाच भाग फुगलेला असेल तर ५० लाच विचार करतात. आणि झडपेसाठी छाती उघडणारच असेल तर ४५ ची नळीही त्याच वेळी बदलणं शहाणपणाचं मानतात.

इथं एक मेख आहे आणि ती आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. हे सगळे आकडे उंचापुऱ्या देहांवर बेतलेले आहेत. आपल्याकडं दीड मीटर उंचीच्या कितीतरी बायका आहेत, आणि तेवढे पुरुषही. त्यांच्यासाठी उंचीचा हिशेब करावा. नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढायचं आणि उंचीने, मीटरमध्ये, भागायचं. समजा नळी ४६ मिलिमीटर. त्रिज्या २.३ सेंटिमीटर, तिचा वर्ग ५.२९, गुणिले ३.१४ म्हणजे सुमारे १६.६. माणूस १७८ सेंटिमीटर उंच असेल तर १६.६ भागिले १.७८, उत्तर ९.३. बाई १५० सेंटिमीटरची असेल तर उत्तर ११. हा आकडा १० च्या वर गेला की अनुभवी केंद्रात शस्त्रक्रियेचा विचार करावा असं मार्गदर्शक सूचना म्हणतात. म्हणजे ४६ हा एकच आकडा एकाला ‘पुढच्या वर्षी या’ आणि दुसरीला ‘सर्जनला दाखवा’ सांगतो. लहान मुलांचं गणित आणखी निराळं, त्यांची नळी अंगाच्या आकारमानानुसार पाहतात. इकोच्या दिवशी उंची-वजन लिहून घेतलं नाही तर स्वतः सांगा.

आता पिशवी. आपल्या घरोघरी खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी असते, कापड दुकानाची नाहीतर बियाण्याच्या कंपनीची, आणि तिच्यात घरातल्या सगळ्यांचे सगळे कागद. माझ्या मते या आजारात औषधाच्या गोळीइतकीच मोलाची वस्तू म्हणजे ही पिशवी. ती उघडून पाहा. इकोची काळी चकचकीत चित्रं थर्मल कागदावर छापलेली असतात. हा कागद उष्णतेनेच छापतो आणि उष्णतेनेच बिघडतो. टिनाच्या छपराखाली एक उन्हाळा काढला की चित्र फिकं पडतं, तीन उन्हाळ्यांत कोरं होतं. काही जण काळजीपोटी त्याला लॅमिनेशन करतात, त्या गरम रोलरमधून कागद पुरता काळा होऊन निघतो. घडी घातलेल्या जागीही रेघ उडते. म्हणून रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी, दवाखान्याच्या ओट्यावर उजेडात, प्रत्येक पानाचा आणि चित्राचा मोबाइलमध्ये फोटो काढा, तारीख दिसेल असा. तो घरातल्या आणखी दोघांना पाठवा, कारण मोबाइल विहिरीत पडतो, हरवतो, पोरं रिसेट करतात. सीटीची सीडी मागून घ्या. फिल्मवर चार-सहा चित्रं असतात, सीडीत शेकडो, आणि पुन्हा मोजायचं झालं तर सीडीच उपयोगाची. ती डाळीच्या डब्यात नको, कपाटात कपड्यांच्या घडीत ठेवा.

पिशवीत एक शाळकरी वही असू द्या. एका पानावर तारीख, ठिकाण, इको की सीटी, मूळभाग किती, चढता भाग किती, झडपेतल्या धारेचा वेग, त्या दिवशीचा बीपी, उंची, वजन. दर खेपेला एक ओळ. दहा वर्षांत दहा ओळी, आणि त्या दहा ओळी एकाखाली एक पाहिल्या की नवा डॉक्टरही मिनिटभरात जे समजायचं ते समजतो. झडपेच्या धारेचा वेग यासाठी की तो सेकंदाला ४ मीटरपर्यंत पोचला म्हणजे झडप फार अरुंद झाली, मग नळीच्या आधी झडपेचाच निर्णय घ्यावा लागतो.

तारीख लक्षात राहत नाही ही खरी तक्रार आहे. डॉक्टर ‘बारा महिन्यांनी’ लिहितात, आणि बारावा महिना नेमका सोयाबीनच्या सवंगणीत येतो. मग दिवाळीनंतर बघू, मग कापूस वेचणी, मग तूर, मग लग्नं. दोन वर्षं अशीच जातात. त्यापेक्षा सण पकडा. सालगड्याचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं, तशी नळीच्या तपासणीचीही खूणगाठ पाडव्याशी बांधा. तेव्हा वावर मोकळं असतं आणि ऊन अजून भाजत नसतं. पहिल्या खेपेला डॉक्टरांना विचारून तारीख दोन महिने मागेपुढे करून घेतली की पुढं सगळं जमून येतं.

बीपीचं यंत्र दंडाचं घ्या, मनगटाचं नको. परवडत नसेल तर उपकेंद्रात सिस्टर मोजून देतात. पाच मिनिटं टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, न बोलता. मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिल्या वेळी दोन्ही दंडांचा मोजा, जिथं जास्त येतो तोच दंड पुढं कायमचा. १३० वर ८० च्या आत ठेवायचा आहे. तरुण माणसाचा बीपी जास्त निघाला तर निदान एकदा पायाचाही मोजायला सांगा आणि जांघेतली नाडी पाहायला लावा. एरवी पायाचा दाब हातापेक्षा थोडा जास्तच असतो, तो हातापेक्षा वीसने कमी भरला तर नळीत पुढं आकुंचन असण्याची शक्यता आहे. आकुंचनाच्या रुग्णांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांची झडप दोन पाकळ्यांची असते, म्हणून ही जोडी शोधावीच लागते.

गोळी सुरू झाली की ‘आता बीपी नॉर्मल आहे’ म्हणून बंद करायची नाही. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी सोडली तर नाडी आणि दाब उसळतात, आणि नळीला ते सर्वांत घातक. उन्हाळ्यात घामाने चक्कर आली तर मात्रा कमी करायला डॉक्टरला सांगा, स्वतः नको. मिठाचं सांगायला मन धजत नाही, कारण भाकरीसोबत ठेचा आणि लोणचं एवढंच असणारं ताट पुष्कळांचं आहे. तरी लोणचं एक फोड आणि पापड-कुरड्या सणापुरत्या, एवढं जमतं. खर्ऱ्याला, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाला, मात्र सवलत नाही. खर्रा तोंडात असेपर्यंत नाडी आणि दाब चढलेले राहतात. शिवाय दात-हिरड्या किडल्या की तिथले जंतू रक्तातून अशा झडपेवर जाऊन बसू शकतात. ताप दहा दिवस हटत नसेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी, करा, झडपेचं नाव सांगून.

मेडिकल दुकानातली दोन औषधं या माणसांनी ओळखून ठेवावीत. एक, दुखण्याची. फवारणीनंतर पाठ धरली की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा गोळ्यांची पट्टी, हा सर्रास प्रकार आहे. या गोळ्यांनी दाब वाढतो आणि बीपीच्या औषधाचा गुण कमी होतो. एकवेळ पॅरासिटामॉल घ्यावी. दुसरं अधिक महत्त्वाचं. हगवण लागली की ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, लघवीला जळजळ झाली की सिप्रोफ्लॉक्सासिन, खोकला हटेना की लिव्होफ्लॉक्सासिन, हे चिठ्ठीशिवायही हातात पडतं. या सगळ्या ‘फ्लॉक्सासिन’ भावंडांनी महाधमनीची भिंत सैल पडण्याचा धोका वाढतो असं आढळल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला की महाधमनी फुगलेल्यांना, दुसरा पर्याय असेपर्यंत, ही औषधं देऊ नयेत. नावाच्या शेवटी ‘फ्लॉक्सासिन’ वाचता आलं की पट्टी परत करायची आणि दुसरं मागायचं. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीला हे वाचायला शिकवा.

कामाचं काय? हा प्रश्न पोटाशी जोडलेला आहे, त्याला ‘जड उचलू नका’ एवढं उत्तर देणं अन्याय आहे. श्वास कोंडून, दात खाऊन कट्टा उचलला की त्या क्षणी दाब भयानक चढतो. नळीवर घाव पडतो तो त्या क्षणी. ३८-३९ मिलिमीटरच्या माणसाची मजुरी बंद करण्याचं कारण नाही. चालणं, खुरपणी, वेचणी, सायकल, यांनी भलंच होतं. ४५ च्या पुढे मात्र पन्नास किलोचा कट्टा, विहिरीतून ओढणं, रुतलेली बंडी खांद्याने रेटणं, जिममधलं वजन, गोळाफेक, कबड्डी हे सोडायचं. सोळा लिटरचा फवारणी पंप भरल्यावर वीस किलोच्या आसपास भरतो. तो अर्धाच भरावा, धुऱ्यावर उंच दगडावर ठेवून पाठीवर घ्यावा, जमिनीवरून हिसक्याने नव्हे. उचलताना तोंडाने हूं करत श्वास सोडावा. बोलता येत नसेल एवढा जोर लागतोय, म्हणजे ते काम दुसऱ्याचं.

लग्नाच्या मुलीचा आजार लपवण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि ती मुलीच्या जिवावर उठू शकते. झडप बरी आणि नळी ४० च्या आसपास असेल तर संसार, बाळंतपण सगळं होतं. पण गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं, नळीची भिंत संप्रेरकांनी सैल होते, आणि शेवटचे तीन महिने व बाळंतपणानंतरचे काही आठवडे जोखमीचे असतात. म्हणून दिवस राहण्याआधी एक माप, मग प्रत्येक तिमाहीत इको, आणि बाळंतपण जिथं हृदयाचे डॉक्टर आहेत तिथं. नळी ५० ला पोचली असेल तर आधी शस्त्रक्रिया. लोसार्टन, टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या गर्भाला घातक आहेत, त्या आधीच बदलून घ्याव्यात. सासरच्या एका तरी माणसाला हे माहीत असलं पाहिजे. वयाच्या मानाने फारच ठेंगणी राहिलेली, पाळी न आलेली मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोम या मुलींतल्या जन्मजात दोषाची तपासणी व्हावी. त्यात दोन पाकळ्यांची झडप बऱ्याच जणींत असते आणि नळी कमी मापालाही फाटते.

आणि भावंडं. एकाची झडप दोन पाकळ्यांची निघाली की आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं, या सगळ्यांचा एकेकदा इको झाला पाहिजे. साधारण दहात एकाला तेच असतं. नागपूरला जायची काळीपिवळी एकाच्या नावाने करायचीच आहे तर त्याच दिवशी भावालाही न्या.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर राशन कार्ड आणि आधार पिशवीतच असू द्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला भरती होण्याआधी भेटा आणि झडपेसोबत नळीचंही काम त्याच मंजुरीत लिहिलंय का, हे विचारा.

राहिलं ते रात्रीचं दुखणं. महाधमनी फाटते तेव्हा कळ हळूहळू चढत नाही, पहिल्याच क्षणी टोकाची असते. छातीत, नाहीतर पाठीत दोन खवाट्यांच्या मधे, फाडल्यासारखी, कधी खाली सरकत जाणारी. एका हाताची नाडी मंदावते, दोन दंडांच्या बीपीत वीसहून जास्त फरक पडतो, कधी एक पाय लुळा होतो. हृदयाजवळची नळी फाटली आणि उपचार झाला नाही तर पहिल्या दोन दिवसांत तासागणिक शेकडा एक-दोन माणसं जातात. भामरागडहून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे रस्त्यातले तास मोजून घ्यावेत.

धोका असा की हे दुखणं हार्ट अटॅकसारखंच दिसतं. फाटलेला पदर हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडावर आला तर ईसीजीही अटॅकचाच निघतो. अटॅकला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव वाचवतं, फाटलेल्या नळीला तेच जीवघेणं ठरतं. ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला झडपेची माहिती असण्याचं काही कारण नाही, त्यांना ती कुणीतरी दिली पाहिजे. ती दिली की ते दोन्ही हातांचा बीपी घेतील, छातीचा फोटो पाहतील, इंजेक्शन थांबवून वरच्या डॉक्टरशी बोलतील, दाब आणि नाडी उतरवायचं औषध सुरू करून १०८ मधून सीटी आणि हृदयाचा सर्जन दोन्ही आहेत तिथं थेट पाठवतील. मधल्या दोन दवाखान्यांत वेळ जाणार नाही.

म्हणून एक चिठ्ठी लिहायची आणि मोबाइलच्या कव्हरमध्ये, आधार कार्डाच्या मागे ठेवायची. निळ्या शाईने नको, घामाने पसरते, बॉलपेनने. मजकूर एवढाच: ‘माझ्या एओर्टिक व्हॉल्व्हला दोन पाकळ्या आहेत. असेंडिंग एओर्टा ४४ मिलिमीटर, मोजल्याची तारीख अमुक. छातीत किंवा पाठीत एकाएकी जोराची कळ आली तर एओर्टा फाटली आहे का, हे आधी पाहावं, मगच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. दोन्ही हातांचा बीपी घ्यावा. चालू गोळ्या मागे लिहिल्या आहेत.’ खाली घरच्या दोघांचे नंबर. दर पाडव्याला इको झाला की आकडा आणि तारीख खोडून नवी लिहायची.